लाल पट्टा

पांढुर्णा, बुधवार, १२ नोव्हेंबर १९८६, दिवेलागण

मोकाट कुत्रे धरणारे येणार कळलं, म्हणून परवा मीच त्या गल्लीतल्या पिवळ्या कुत्र्याच्या गळ्यात लाल पट्टा बांधला. पट्टा दिसला की पाळलेलं समजून सोडतात. एक जीव वाचवला म्हणून मनात खुश होतो. बांधताना त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, ती का दिसली नाही मला?

आज ते शेजारच्या कुसुमला कडकडून चावलं. मी गेलो तर ती जखमेत तिखट भरून बसलेली. मी ओरडलो.

"तुमचा पट्टा पाहूनच त पोळी द्याले हात पुढे केला, काकाजी. आता मलेच बोलून राहिले?"

साबणानं हात धुऊन दिला. पोटात चौदा सुया घ्याव्या लागतील म्हणून ती रडत होती. उद्या सकाळीच दवाखान्यात नेतो.

पण कुत्रं नदी ओलांडून सावरगावात गेलं म्हणतात. पट्टा अजून गळ्यात आहे. तिथंही कोणी तो पाहून हात पुढे करेल. आत्ताच बॅटरी घेऊन निघतो, घरोघरी सांगतो. पट्टा कोणी बांधला, तेही सांगावंच लागेल.