झेंडूची पाकळी आणि बंद इंटरनेट

दसरा, दिवेलागण

आज हसूही येतंय आणि थोडी लाजही वाटतेय. शालूच्या धाकट्या बहिणीच्या, चांदवडच्या मंदाच्या, डोळ्याची ऑपरेशननंतरची पट्टी काल निघाली. आज पाचला ती व्हिडिओवर येणार होती. शालू चारपासूनच नवी साडी नेसून संगणकासमोर बसलेली, आणि इंटरनेट बंद. माझा फोन दुरुस्तीला, तिचा बटणांचा.

संगणकावरचं लिनक्स मी एकट्यानं, चुकत-माकत शिकलो, त्यामुळे हात शिवशिवले. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप केल्या, ड्रायव्हर पुन्हा घातला, मशीन तीनदा बंद-चालू केलं. दर वेळी तीच ओळ: केबल जोडलेली नाही. म्हटलं, खोटं बोलतंय लेकाचं. सकाळी पूजा झाल्यावर मीच तर केबल लावली.

शालू शांतपणे म्हणाली, "अहो, लावताना टक् वाजलं होतं का?"

वाजलं नव्हतं. बॅटरी मारून पाहिलं, तर केबलच्या भोकात झेंडूची पाकळी. हळदकुंकू लावून मीच तिथं फूल वाहिलं होतं. काखेत कळसा! मशीन तासभर खरं सांगत होतं, मी का ऐकलं नाही? चिमट्यानं पाकळी ओढली, बोटानं उचलली, केबल लावली. टक्.

मंदा दिसली. "ताई, किती वाळलीस गं," म्हणाली. शालूनं डोळ्याला पदर लावला. मग मंदा माझ्याकडे वळली, "दाजी, बोटाला झेंडू चिकटलाय तुमच्या."

एवढीशी पाकळी, तिला चांदवडहून दिसली. मला माझ्याच टेबलावर दिसली नव्हती. डोळा झकास झालाय पोरीचा.