चुकीच्या मार्गनोंदीवरून बसवलेला बाक व सात खांब हलवण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
पायवाटा व सार्वजनिक स्थळे विभाग,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय: टेकडीच्या पायवाटेवरील खांब क्र. १७ ते २३ व तेथील बाक खाणीच्या कडेवरून हलवण्याबाबत (चौथा अर्ज).

संदर्भ: १) आमची मार्गनोंद, दि. १२ ऑक्टोबर. २) आपले पडताळणीपत्र, दि. १७ फेब्रुवारी. ३) आपली लेखी समज, दि. ७ मार्च.

महोदय,

१. आज सकाळी पायथ्यापासून माथ्यापर्यंत आपल्या विभागाने उभारलेले खांब मी पुन्हा मोजले. खांब एक्केचाळीस, दिशाफलक तीन, बाक एक. चौतीस खांब आणि तिन्ही फलक बरोबर जागी आहेत. उरलेले सात खांब आणि बाक ज्या वाटेवर आहेत, ती वाट अस्तित्वात नाही. ती माझ्यामुळे नकाशात आली.

२. मी आमच्या पायवाट मंडळाची नोंद-चिटणीस आहे. मंडळात चौदा स्वयंसेवक आहेत. दर रविवारी आम्ही वाटेवर आलेली झुडपे छाटतो, निसटलेले दगड बसवतो, वाहून गेलेल्या पायऱ्या पुन्हा रचतो. आपल्या विभागाने ही वाट अधिकृत करायचे ठरवले, तेव्हा जीपीएस यंत्र गळ्यात अडकवून ती चालण्याचे काम माझ्याकडे आले. अर्ध्या वाटेवर वाऱ्याने सोबत आलेल्या माझ्या मामांची टोपी उडाली. मामा मंडळाचे सर्वांत जुने सभासद, पण गुडघ्याने अधू; म्हणून टोपीमागे मी धावले. ती बंद पडलेल्या दगडखाणीच्या कडेला एका झुडपात अडकली होती. काठीने सोडवायला चार मिनिटे लागली. मग आल्या वाटेने परत आले.

३. यंत्राने हे सगळे नोंदवले. तेवढा भाग मला गाळता आला असता. पण मोजलेले आकडे आपल्या सोयीने गाळायचे नाहीत असे मला शिकवले गेले आहे, आणि तेव्हा ते मी जरा अभिमानानेच पाळले. नोंद जशीच्या तशी दिली आणि टोपीचा खुलासा वेगळ्या कागदावर जोडला. तो कागद आपल्या फायलीत आहे, त्यावर आवक शिक्काही आहे. मात्र संगणकावर नोंद चढली, कागद चढला नाही.

४. जानेवारीत खांब आले. १७ ते २० खाणीकडे जातात. २१ ते २३ त्यांच्याच शेजारून परत येतात. मी जिथे चार मिनिटे थांबले, तिथे विश्रांतीची जागा समजून सिमेंटच्या पायावर बाक बसवण्यात आला. समोर कठडा नाही. खाली दगड टाकून पाहिला, तो आपटल्याचा आवाज २.४ सेकंदांनी आला. म्हणजे खोली सुमारे सव्वीस मीटर. कडेची माती भुसभुशीत आहे. बाकाच्या पुढच्या पायापासून कडेपर्यंतचे अंतर जानेवारीत २१० सेंटिमीटर होते, मार्चच्या सुरुवातीला १७४, आज १३१. बसणाऱ्याचे पाय यात धरलेले नाहीत.

५. पहिला अर्ज घेऊन आले तेव्हा आपल्या कार्यालयातील लिपिकांनी मला समजावले, "ताई, वाट तुम्हीच दिलीत, आता चूक आहे असंही तुम्हीच म्हणताय. आम्ही ऐकायचं कुणाचं? तुमचं, की तुमचं?" दुसऱ्या अर्जावर नवी मार्गनोंद मागवण्यात आली. नियमाप्रमाणे नव्या नोंदीत मंजूर वाटेवरचा प्रत्येक खांब व थांबा यायला हवा, नाहीतर ती अपूर्ण ठरते. म्हणून मी खाणीपर्यंत गेले, बाकाजवळ चार मिनिटे उभी राहिले आणि परत आले. दोन्ही नोंदी ९८.६ टक्के जुळल्या. वाट बरोबर असल्याचे मला संदर्भ क्र. २ च्या पत्राने कळवण्यात आले. तिसऱ्या अर्जाची पोच मिळाली, उत्तर नाही.

६. त्यानंतर मंडळाने बाकाभोवती दोरी बांधली. सार्वजनिक सोयीस अडथळा केल्याबद्दल संदर्भ क्र. ३ ची समज आली. दोरी त्याच दिवशी सोडली. आता दर रविवारी मामा बाकाशेजारी उभे राहून लोकांना उठायची विनंती करतात. लोक वाईट नाहीत. "काका, जरा बाजूला होता का? फोटोत येताय," असे म्हणतात. मागच्या रविवारी एक बाई म्हणाल्या, "बाक ठेवलाय तो बसायलाच ना? की तुमची जागा राखून ठेवलीय?" आणि सरकून त्यांनी मामांना जागा करून दिली. मामांचा गुडघा ठणकत होता. ते बसले.

७. परवा आपल्या कार्यालयात असे कळले की, खांब क्र. २० वरच्या मोजणीयंत्रानुसार संपूर्ण वाटेत लोक याच ठिकाणी सर्वाधिक वेळ थांबतात, आणि म्हणून तेथे दुसरा बाक मंजुरीसाठी ठेवला आहे. मामांचे दर रविवारचे चार-चार तास त्या मोजणीत धरलेले आहेत. ते वजा करावेत असे मी सांगितले. आकडे गाळता येत नाहीत, असे मला सांगण्यात आले.

८. तरी विनंती की, बाक काढावा. खांब नंतर हलवले तरी चालतील. बाक काढणे शक्य नसल्यास समोर कठडा घालावा. तेही शक्य नसल्यास आम्हाला दोरी बांधू द्यावी. दोरीही नियमात बसत नसेल, तर बाकाच्या बसायच्या पाच फळ्यांपैकी तीन काढायची लेखी परवानगी द्यावी. पाना आमच्याकडे आहे. फळ्या आम्ही स्वतः कार्यालयात आणून देऊ आणि त्यांची पावतीही मागणार नाही. मूळ चूक माझी आहे, हे या अर्जात लिहून देत आहे; वेगळे शपथपत्र हवे असल्यास तेही देईन. याहून कमी काय मागावे ते मला कळत नाही.

आपली नम्र,
(सही)
नोंद-चिटणीस, पायवाट स्वयंसेवक मंडळ
रविवार, दि. २० एप्रिल

सोबत:
१) टोपीबाबतचा खुलासा, आवक शिक्क्यासह (छायाप्रत).
२) कडेच्या अंतराचा तक्ता, जानेवारीपासून आजपर्यंत.
३) बाकाची छायाचित्रे, चार.
४) आजची मोजणी, सकाळी आठ ते बारा: बाकावर बसलेल्या व्यक्ती ३१, सांगितल्यावर उठलेल्या ९.