जामीन नको

प्रिन्स हिल, अलाबामा
२१ ऑगस्ट १९६५

लाडक्या आर्नेटास,

तू बरी असशीलच. नॅशव्हिलच्या कॉलेजात राहून आजवर कुणी वाळलेलं नाही, माझ्यासारखं अर्ध्यात पळून आलं तरच वाळतं. आई मजेत. भेंडी उदंड आली आहे. माझ्या डोक्यावरची खोक केसांत लपली. पप्पांनी तुझ्यासाठी हेरलेल्या त्या अटलांटाच्या दातांच्या डॉक्टरबद्दल मी काही विचारणार नाही, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

तुझ्या पप्पांची खबर देतो. प्रकृती ठणठणीत. गेल्या वर्षी तो भेदभावाविरुद्धचा कायदा झाल्यापासून प्रोफेसरसाहेब रोज औषधांच्या दुकानात काउंटरवर बसून सोडा पितात. (आपल्या काळ्यांच्या शाळेचा हेडमास्तर झाला की तो प्रोफेसरच, कुठल्या कॉलेजने केला ते विचारायचं नाही.) कायद्याआधी तिथे बसलो म्हणून त्याच स्टुलावरून गोऱ्यांनी मला केसांत मस्टर्ड ओतून, फरफटत बाहेर काढलं होतं. परवा मला म्हणाले, "बसण्याचीसुद्धा एक रीत असते, बेटा." सोडा मात्र विचारला नाही.

आजचा तमाशा त्याहून भारी.

मतदार व्हायचं तर आधीच्या मतदाराने शेजारी उभं राहून "मी या माणसाला ओळखतो" असं म्हणायचं, जामीन राहायचं, हा आपल्याकडचा नियम. गोरे कशाला राहतील? आपल्यातलं यादीतलं नाव एकच, तुझ्या पप्पांचं. मार्चमध्ये आई तुमच्या व्हरांड्यात गेली. तू तान्ही असल्यापासून तुझे फ्रॉक धुऊन इस्त्री करणारी बाई. तर म्हणाले, "मिसेस टोलिव्हर, मी तुम्हाला चांगला ओळखतो. पण ओळखतो असं म्हणता यायचं नाही. शाळा बंद पाडतील माझी."

दुसऱ्या दिवशी आम्ही जामिनाशिवायच कोर्टाच्या पायऱ्यांवर जाऊन उभे राहिलो. शेरीफच्या माणसांनी दंडुक्यांनी आमची ओळख करून घेतली. असंच गावोगाव चाललं होतं. देशाने ते टीव्हीवर पाहिलं, आणि या महिन्यात वॉशिंग्टनला मतदानाचा कायदा झाला. तुझ्या पप्पांच्या मते तो धीर धरल्यामुळे झाला. कुणाच्या धीरामुळे, ते सांगितलं नाही.

तर आज पोस्टाच्या मागच्या खोलीत सरकारी माणसाने टेबल मांडलं. पूर्वीसारखी लिहिण्यावाचण्याची परीक्षा नाही, जामीन नाही. रांग कापसाच्या गिरणीपर्यंत. आणि टेबलाशेजारी पांढऱ्या सुटात कोण? पप्पा! आईचा नंबर आला तसे छाती काढून पुढे सरसावले. "या बाईंना मी ओळखतो. मी जामीन आहे."

"गरज नाही," तो माणूस मान वर न करता म्हणाला. "आपण जरा बाजूला व्हा."

"प्रोफेसर, बसण्याची रीत असते तशी सरकण्याचीही असते बरं!" मी ओरडलो. रांगभर हशा. पप्पांचा चेहरा पाहायला हवा होतास. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आईने मात्र माझ्याकडे असं पाहिलं की माझं हसू आत गेलं. "प्रोफेसर, थांबा," ती म्हणाली. "ही पर्स धरा. मला सही करायला दोन्ही हात लागतात."

आणि त्यांनी धरली गं. छातीशी, चर्चमध्ये बायबल धरतात तशी.

घरी येताना मी तिच्यावर भडकलो. ती म्हणाली, "जन्मभर भीत आलेला माणूस, एझ्रा. त्याच्या हातात काहीतरी द्यायला नको?" माझं मन एवढं मोठं नाही. होणारही नाही.

माझं म्हणशील तर मला अजून एकवीस पूर्ण नाहीत. डोकं फोडून घ्यायला वयाची अट नव्हती, मताला आहे.

एक लिहायचं टाळत होतो. मार्चमध्ये त्या दिवशी आई तुमच्या व्हरांड्यातून उतरली तेव्हा मी मागे थांबलो. तुझ्याशी लग्नाबद्दल विचारलं. पप्पा हसले. "कॉलेज सोडलेल्या पोराला कोण जामीन राहणार?" मी काय उत्तर दिलं ते लिहीत नाही, टपालखातं सरकारी आहे.

टेबलावरच्या माणसाने आईला इतकंच विचारलं होतं, "नाव नोंदवायचं हे तुमचं स्वतःचं म्हणणं ना?" ती म्हणाली, "माझं स्वतःचं." बस्स. मीही तुला तेवढंच विचारतो. पप्पांना विचारू नकोस, त्यांचे हात सध्या अडकलेत. डॉक्टरला दात कुठेही मिळतील.

कुणाच्याही ओळखीशिवाय तुझ्या रांगेत उभा,
एझ्रा