खूप जिवंत

४ मार्च

ह्यांच्या बोटीला आग लागली! कंपनीचा फोन आला तेव्हा मी दुकानात पडद्याची खालची पट्टी दुमडत होते. वाचलेल्यांच्या यादीत ह्यांचं नाव नाही. मेलेल्यांच्याही नाही. "बंदरावरच्या कारकुनाला विचारा," म्हणाले आणि नंबर दिला. त्याला फक्त स्पॅनिश येतं. मला शिवणकाम येतं.

५ मार्च

मोबाईलवर भाषांतर करून कारकुनाला विचारलं — बोटीवरचे आचारी, माझे मिस्टर, कुठे आहेत?

उत्तर नाही. सासूबाईंचं दर पाच मिनिटांनी, "आलं का गं काही?"

६ मार्च

आलं! मोबाईल म्हणतो — 'तुमचा नवरा खूप जिवंत आहे.'

मी सासूबाईंना मिठीच मारली. लग्नाला अकरा वर्षं झाली, पहिल्यांदाच! दोघी रडलो.

मग जेवताना मेसेज पुन्हा वाचला. खूप जिवंत? माणूस एक तर असतो, नाही तर नसतो. खूप कसा असेल?

७ मार्च

वरच्या मजल्यावर स्पॅनिशचे एक भाषांतरकार राहतात. त्यांना मेसेज दाखवला. त्यांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला.

"वहिनी, शब्द आहे 'विवो'. अर्थ दोन. जिवंत आणि चलाख. त्याच्या आधी 'एस्ता' असतं तर जिवंत. इथं 'एस' आहे. तुमचा नवरा भारी चलाख आहे, असं लिहिलंय."

"म्हणजे जिवंत आहेत ना पण?"

"ते ह्या वाक्यात नाही."

आपल्याकडे एकच 'आहे'. चलाख आहे, जिवंत आहे — सगळीकडे तोच. ह्या लोकांनी दोन करून ठेवलेत आणि माझ्या जिवावर उठलेत! आणि हे चलाख? घरी असले की भाजीवाला रोज किडकी वांगी गळ्यात मारतो ह्यांच्या.

भाषांतरकार म्हणाले, "सरळ 'एस्ता विवो?' विचारू या." मी नको म्हटलं आणि जिना उतरून पळाले. विचारलं तर उत्तर येईल.

सासूबाईंना बोलले नाही. त्या ह्यांच्या शर्टांना इस्त्री करत होत्या.

८ मार्च

नाही विचारलं. भीती वाटते. एकच टीप तीनदा उसवली. मालकीणबाई म्हणाल्या, "आता तर आनंदात असायचं!"

९ मार्च

पाठवलं. दोनच शब्द. टाईप भाषांतरकारांनी केलं, बटण मी दाबलं.

१० मार्च

उत्तर आलं. भाषांतरकारांनी पहिलं वाक्य वाचलं आणि मोबाईल खाली ठेवला. मीच म्हटलं, वाचा पुढचं.

"जिवंत आहे. आगीच्या दोन दिवस आधीच, मागच्या बंदरात, सामान घेऊन गुपचूप उतरला. बायकोला कळवू नका म्हणाला होता."

सासूबाईंना मी पहिलं वाक्य तेवढं सांगितलं.