मिरीनं पाय उचलला नाही

१२ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पेपरातला फोटो बघून घाबरला असाल, म्हणून लगेच लिहितेय. मी धडधाकट आहे.

सामना संपला आणि मैदानाचं एकच दार उघडलं. खालच्या शिपायांना पुढची चार डोकी दिसत होती; मला घोड्यावरून पार मागची रेटारेटी दिसली. तेवढ्यात दाराशी एक चिमुरडी आईच्या हातून सुटून खाली पडली. मी माझी घोडी मिरी आडवी घातली. लोक तिच्या कुशीवर आदळत होते आणि पोरगी तिच्या पायांमध्ये. पण मिरीनं पाय उचलला नाही. एका शिपायानं वाकून पोरीला ओढून काढलं. ती भोकाड पसरून रडत होती, म्हणजे ठणठणीत होती.

मिरीचा मागचा पाय मात्र कायमचा दुखावलाय. तिला निवृत्त करणार. कुठे पाठवतील, कुणी सांगत नाही. घोडेस्वार पोलीस म्हणजे मिरवणुकीची शोभा, असं तुम्ही म्हणता. वाद घालायला लिहीत नाहीये; मन मोकळं करायचं होतं.

रागावलात तरी माया आटू देऊ नका.

तुमची,
धाकटी

१९ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आईकडून दोनदा वाचून घेतलं. चष्मा सापडत नाही, असं तिला सांगितलं.

शोभा म्हणालो, ते शब्द मागे घेतो. पोलिसातल्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मीही अशाच दारावर उभा होतो, पायी. पुढ्यातल्या छात्यांपलीकडे काही दिसत नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ माझ्यापासून दोन हातांवर चेंगरून गेले. गर्दी ओसरल्यावर कळलं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तू दार राखलंस, पोरी. बापानं लेकीचे उपकार कसे मानायचे, मला ठाऊक नाही.

मिरीला आमच्याकडे द्या म्हणून तुझ्या साहेबांना अर्ज केला होता, होकार आलाय. मागची शेड रिकामी केली. आई म्हणते, जन्मभर तिथे भंगार साठवलंत, आता कुठे कामाचं कुणी राहायला येतंय. रविवारी मिरीला न्यायला येतो. मला घोड्यातलं ओ की ठो कळत नाही. तिच्याजवळ कसं जायचं, तेवढं कळव.

तुम्हा दोघींवर जीव आहेच.

तुझा,
बाबा

२३ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

डाव्या बाजूनं जायचं, आणि आधी नावानं हाक मारायची. बाकी ती शिकवेल.

काल त्या पोरीची आई तबेल्यात आली होती. मिरीच्या मानेला कपाळ टेकवून उभी राहिली. जाताना तिनं विचारलं, पुन्हा भेटायचं तर कुठे यायचं? मी तुमचा पत्ता दिलाय. लेकीला घेऊन येईल.

तुमची,
धाकटी