मंजूच्या टाळ्या

पडेगाव, मंगळवार

चिरंजीव साळूबाईस थोरल्या आवडाबाईचा आशीर्वाद. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. तुझ्या दम्याचं विचारत नाही, विचारलं की तू चार पानं लिहितेस.

आपली मंजुषा, माझी नात, ब्यांडात जाड तारांची गिटार वाजवते हे तुला ठावं आहे. रविवारी कॉलेजात त्यांचा कार्यक्रम झाला. पोष्टरवर एकटा गोकुळ. गोकुळ म्हंजे गाणारा. (गातो बरा, पण केस असे झटकतो, म्हैस गोमाश्या हाकलती तसे.) मंजू त्याच्या पाठीमागं, अन् ड्रम बडवणारा रहीम तर पार धुरात, ओल्या लाकडाच्या चुलीपुढं बसल्यागत. पुढच्या खुर्चीत बसून मला नातीचं एक कोपर दिसलं.

मग मी उठलेच. बाबा, दोन पावलं सरक, एवढंच गोकुळला सांगाया स्टेजवर चढले, तर पायात वायर आली अन् निघाली. मंजूची गिटार बंद! गाणं चालूच, पण बिनमिठाच्या वरणावानी. लोक चुळबुळ कराया लागले. काय गेलं ते मात्र कुणालाच कळंना. गोकुळला तर नायच. एकटा रहीम वरडला, "आज्जी, वायर! पाँव उठाओ!"

घरी येऊन मंजूनं गिटार खोळीत घालून कपाटावर टाकली. म्हणली, "आज्जी, मी बंद पडले तरी कुणाला पत्ता नाय. आता सोडलं." म्हणलं, वायर मी काढली, आता मीच जोडीन. येत्या रविवारी पुन्हा कार्यक्रम आहे. तिला गिटारीसकट उभी करते का नाय बघ.

तर तू पाचोडच्या दहा-बारा बायका घेऊन ये. (बाजारात भाव पाडताना ज्यांचा आवाज वेशीपोत जातो, तसल्याच आण.) गोकुळनं तोंड उघडलं की गप बसायचं. टाळ्या मंजूला. तिचं वाजणं कुठलं हे तुम्हाला कळणार नाय, मलाबी कळत नाय. म्हणून रहीमला सांगून ठेवलंय: तो काडी वर करंल, मग मी डोईवरचा पदर सावरीन, तवा टाळ्या. मी नुसता घाम पुसला तर नाय.

तुझी थोरली बहीण,
आवडाबाई

ता.क. लग्नाघरी हळदीची गाणी मी म्हणायची, मागून झील तू धरायचीस अन् लुगडं मलाच मिळायचं, हे काढून तू यायचं टाळशील. व्हय, मलाच मिळायचं. तू झील सोडलीस की दुसऱ्या कडव्यातच माझा आवाज बसायचा. हे बायकांपुढं बोलू नको.

आणखी ता.क. त्यातलं एक हिरवं लुगडं ठेवलंय. तेच नेसून पुढं बस. फाटलंय ते निऱ्यांत लपंल.