सोमवारचं टेबल

१२ जुलै, शनिवार
आज पुन्हा तेच. आई म्हणाल्या, "तुम्ही तिघं जाऊन या. मी घर सांभाळते." कार्ल्सरूहेच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सांभाळण्यासारखं आहे काय? एक कढीपत्त्याची कुंडी. तीही माझ्यापेक्षा जास्त वेळ त्यांच्याशीच बोलते.

हेमंत म्हणतो, "आईचं असंच असतं गं." त्याच्या लहानपणी महाबळेश्वर झालं, कन्याकुमारी झालं, दर वेळी सासूबाई एक तर घरी, नाहीतर खोलीत बसून डब्यातल्या दशम्या. चौऱ्याहत्तर वर्षांत ही बाई एकदाही हॉटेलातल्या टेबलावर जेवलेली नाही. चहासुद्धा नाही!

मला रागच आला. कोणाचा, ते कळलं नाही. ऑगस्टमधे चार दिवस इटलीच्या किनाऱ्यावर जायचं ठरलंय, जेनोव्हाच्या थोडं पुढे. आई येणार. टेबलावर बसून गरम गरम जेवणार. लिहून ठेवते, म्हणजे माघार घेता येणार नाही.

१५ जुलै, मंगळवार
पथ्यं नीट विचारून घेतली. मांस, मासे, अंडं कधीच नाही. चातुर्मास लागलाय, म्हणून कांदा, लसूण, वांगं बंद. मासळी तळलेल्या भांड्यातलं नाही.

म्हणजे ताज्या पास्त्यात अंडं, गेला. पेस्तो या तिकडच्या हिरव्या चटणीत लसूण. शिवाय त्यातल्या चीजमधे वासराच्या पोटातला अर्क असतो. हेमंत म्हणे, "हे कशाला सांगायचं तिला? कळणार आहे का?"
मी म्हटलं, त्यांना नाही कळणार, पण मला माहीत असेल ना. फसवून जेवायला घातलं तर ते जेवण कसलं?

संध्याकाळी बाल्कनीतलं बाझिल, ही इकडची तुळस, खुडून, पाइनच्या बिया, मीठ, तेल घालून खलबत्त्यात कुटलं. लसूण नाही, चीज नाही. आईंनी बोटाने चाटून पाहिलं. "चटणी आहे. मिरची विसरलीस."
इरा तिच्या नेहमीच्या जर्मनमधे, "आज्जी, दास इस्ट पेस्टो!"
"असेल. पण मिरची विसरली तुझी आई."

१८ जुलै, शुक्रवार
आज मैदान मारलं!
इन्स्टिट्यूटमधे माझ्या समोरच्या टेबलावर फ्रांचेस्का बसते, ती मूळची जेनोव्हाकडचीच. तिच्या मावशीची किनाऱ्यावर छोटी खाणावळ आहे. दुपारी फ्रां.ने मावशीला फोन लावला, स्पीकरवर, आणि मला जर्मनमधे सांगत गेली.
मावशी : लसूण नको? आजारी आहेत का?
मी : नाही, देवासाठी.
 मग मावशी म्हणाली, देवासाठी असेल तर प्रश्नच नाही.
शनि-रवि भरलेलं, मंगळवारी बंद. तेव्हा सोमवार, ११ ऑगस्ट, दुपारी, खिडकीजवळ, चौघांसाठी. वेगळं भांडंही कबूल.
ट्राममधे एकटीच हसत होते. समोरच्या आजोबांनी जागा बदलली.

२५ जुलै, शुक्रवार
तिकडे हरभऱ्याच्या पिठाचं एक करतात, फारिनाता. पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्हचं भरपूर तेल, भिजवून ठेवायचं आणि कडक तापल्या ओव्हनमधे पातळ भाजायचं. आज घरी रंगीत तालीम. फारिनाता उत्तम, पण धूर इतका की अलार्म वाजला आणि खालच्या मजल्यावरच्या केर्नबाई वर आल्या. चेहऱ्यावर अख्खी हाउसओर्डनुंग, म्हणजे इमारतीची नियमावली. आईंनी त्यांच्या हातात बशी ठेवली. बाई उभ्या उभ्या खाऊन, "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, करत गेल्या. कशाला गेनाऊ, देव जाणे.

आई : अगं, धिरडंच की हे. ओवा हवा होता. पण छान झालंय हो.
हेमंत : आई, तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नकोस.
चढलेच होते. तेवढ्यात आई म्हणाल्या, "घरचं आहे म्हणून खाल्लं." झालं, उतरले.

२८ जुलै, सोमवार
शी! शी! शी!
ऑफिसातून आले तर घरभर साबुदाण्याच्या खिचडीचा वास. "आज काय?" तर म्हणे पहिला श्रावणी सोमवार.
सोमवार. श्रावणी. म्हणजे ११ ऑगस्टसुद्धा!
जन्म पुण्यात, लहानपणी दर श्रावणी सोमवारी शाळा अर्धी सुटायची म्हणून नाचणारी मी. आणि टेबल मांडलं ते नेमकं उपासाच्या दुपारी. फोनमधल्या जर्मन कॅलेंडरात सोमवार हा नुसता सोमवार असतो. दुष्काळात तेरावा महिना म्हणजे दुसऱ्या दिवशी अंगारकी.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"
"मी सांगणारच होते. पण तू इतकी खुशीत होतीस."
म्हणजे टेबल ठरलं तेव्हापासून माहीत होतं, आणि मनातल्या मनात पुन्हा घर सांभाळायचं ठरवून मोकळ्या. हेमंत म्हणाला, "सोडून दे. आपण डबा नेऊ."
डबा! रडूच आलं मला. बाथरूममधे जाऊन रडले.

२९ जुलै, मंगळवार
रडून झालं. आता डोकं.
उपासाला चालेल असं त्या किनाऱ्यावर काय मिळतं? बटाटे. अंजीर. पाइनच्या बिया. एवढ्यावर कोणी टेबल मांडत नाही.
फ्रां.ला उपास समजावला. भूक मारायची पण फराळ करायचा, धान्य नाही पण साबुदाणा चालतो. ती म्हणाली, "आल्झो, म्हणजे नियम आहेत, पण कारणं नाहीत." मी म्हटलं, कारणं माझ्या सासूबाईंकडे आहेत.
मग तिनेच सांगितलं, किनाऱ्यामागच्या डोंगरात गहू पिकायचा नाही. लोक चेस्टनटच्या पिठावर जगायचे. त्याचे घावन करतात अजून.
चेस्टनट! झाडाचं फळ!! वाळवून दळलेलं!!!

१ ऑगस्ट, शुक्रवार
बिओ, म्हणजे सेंद्रिय मालाच्या, दुकानातून चेस्टनटचं पीठ आणलं. आईंपुढे ठेवलं आणि वकिली सुरू केली. शिंगाड्याचं पीठ चालतं ना? चालतं. राजगिरा? चालतो. मग हे का नाही?
आईंनी चिमूट घेतली, हुंगली. पेरतात का? नाही, झाड असतं. नांगर लागतो? नाही. ऱ्हाईनपलीकडे फाल्झच्या रानात हीच झाडं आहेत, दाखवते म्हटलं.
"थांब, सुमनला विचारते." सुमनमावशी म्हणजे त्यांची धाकटी बहीण, चिपळूणला. तिकडून निकाल आला, "आमच्याकडे चालेल. तुमच्याकडचं तुझं तू बघ." वा!
आई म्हणाल्या, विचार करते. पीठ डब्यात भरलं आणि देवाशेजारी ठेवलं. देवाशेजारी का? विचारायची हिंमत झाली नाही.

३ ऑगस्ट, रविवार
निकाल लागला. सकाळी, चहाआधी.
"शिंगाडा पाण्यातला, हा झाडावरचा. दोन्ही सोलायचे, वाळवायचे, दळायचे. मला काही फरक दिसत नाही. चालेल."
पोटअटी : मीठ आपलं शेंदेलोण न्यायचं. त्यावर ते लोक कसलासा पाला घालतात तो नको. आणि तवा माझा.
"तवा?"
"पुण्याहून आणलाय तो. बीडाचा."
विमानाच्या सामानातून बीडाचा तवा आणणाऱ्या बाईला मी हॉटेलात नेणार आहे. कोणाला सांगितलं तर हसतील. हसोत. आई येताहेत!! निळी साडी बॅगेत सगळ्यात वर ठेवलीय, मी पाहिलं.

९ ऑगस्ट, शनिवार
पहाटे निघालो. गोथार्डच्या बोगद्याआधी भला मोठा श्टाऊ, गाड्यांची रांगच रांग. आईंनी गाडीतच इराकडून चुलतभावाला व्हिडिओवर राखी दाखवून घेतली आणि सगळ्यांना दशम्या वाटल्या. खाल्ल्या मीपण. तत्त्वं सोमवारी.

१० ऑगस्ट, रविवार
आईंनी बॅगेतून नारळ काढला. कार्ल्सरूहेच्या तुर्की दुकानातला. नारळी पौर्णिमा कालच सरली, पण "समुद्र काय पंचांग बघत बसतो?" असं म्हणून गुडघाभर पाण्यात जाऊन सोडला. एक पोहणारा काका तो धरून परत घेऊन आला, मोठ्या अदबीने. आईंनी घेतला, आभार मानले, तो लांब गेल्यावर पुन्हा सोडला. त्याने पुन्हा आणला. शेवटी काकाला नारळ प्रसाद म्हणून देऊन टाकला. मी वाळूवर लोळून हसले.
 पंचांगात नव्हती ती सूट त्यांनी आज समुद्राला दिली. उद्या मला मिळेल?

११ ऑगस्ट, सोमवार
जेवल्या. जेवल्या. जेवल्या.

नीट लिहिते. फ्रां.ची मावशी आईंच्याच वयाची, जाड चष्मा, पांढरा एप्रन. आईंनी नमस्कार केला आणि पिशवीतून तवा काढून तिच्या हातात दिला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मावशीने तवा हातात तोलला, उलटा केला, बोट फिरवलं आणि आईंकडे बघून मान हलवली. मग आईंना हाताला धरून थेट स्वयंपाकघरात घेऊन गेली. आम्ही तिघं खिडकीजवळ बसून राहिलो.
आतून आईंचं मराठी, मावशीचं इटालियन. "थोडं पातळ कर बाई." पातळ झालं असावं. कारण आई बाहेर आल्या त्या खूश.

मग आल्या, बसल्या. कापडी नॅपकिन मांडीवर पसरला, साडीची निरी सावरतात तसा. समोर चेस्टनटचे घावन, मध, अंजीर. उकडलेल्या बटाट्यावर बिनलसणीची, बिनचीजची हिरवी चटणी.
मी उगाच कुजबुजले, "आई, ही तुळशीच्याच जातीची पानं. आज वार शंकराचा, तुळस विष्णूची..."
"वाहायला नाही चालत गं. खायला कोण नको म्हणतंय? तू जेव."

आईंनी पहिला घास घेतला तेव्हा हेमंत खिडकीबाहेर बघत होता. का ते मला माहितेय, डोळे भरले होते त्याचे.
आणि मग! आईंनी स्वतः हात वर केला. मावशीला बोलावलं. रिकाम्या ताटलीकडे बोट, मग एक बोट हवेत. आणखी एक! ऑर्डर दिली माझ्या सासूबाईंनी, इटलीत, भर श्रावणात, उपासाला!
इरा चक्क मराठीत, "आज्जी, मला पण एक सांग."

निघताना मी तवा मागायला आत जाऊ लागले. आई म्हणाल्या, "राहू दे इथेच. पुढच्या वेळी लागेल."
पुढच्या वेळी.

१३ ऑगस्ट, बुधवार
परतीची वाट. काल अंगारकी त्याच पिठावर पार पडली. आता चढावर गाडी मंद, हेमंत गाडी चालवतोय, इरा झोपलीय. मी धीर करून विचारलं, "आई, इतकी वर्षं का नाही हो गेलात कुठे? हे सगळं जमण्यासारखं होतं."
त्या डोंगर बघत होत्या. मग म्हणाल्या, "नियम माझे होते. पण कोणी कधी विचारलं नाही की काय काय चालतं. सगळे विचारायचे, येणार का."
हेमंतने ऐकलं.  बाझेलच्या पेट्रोलपंपावर उतरला आणि आईंसाठी केळी घेऊन आला.

१७ ऑगस्ट, रविवार
घरी धुणं, ऑफिसच्या मेल, सगळं नेहमीचं. असं मला वाटलं होतं.
आई बाल्कनीतून आत आल्या. "उद्या शेवटचा श्रावणी सोमवार. इथे गावात कुठे जायचं?"
मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. आईंना सांगितलं की इथल्या बहुतेक हॉटेलांना सोमवारी रूहेटाग, सुट्टी. आणि तवाही तिकडेच राहिला.
"तवा असेलच की त्यांच्याकडे. घासून घ्या म्हणावं. आणि पाच जणांचं सांग. केर्नबाईंना मी बोलावलंय."
कोणत्या भाषेत बोलावलं, ते विचारलं नाही.

दुपारपासून फोन करतेय. तीन ठिकाणी बंद. स्टेशनमागचा ग्रीक उघडा असतो. त्याला सगळं समजावलं. धान्य नाही, कांदा नाही, लसूण नाही, बटाटे आणि अंजीर चालतील, चेस्टनटचं पीठ आम्ही आणू. तो म्हणाला, माझ्या आईला विचारून सांगतो, उद्या सकाळी.
निळी साडी दाराच्या हँगरवर लावून आई झोपायला गेल्यात.